ओदिलचं नाव, दुसऱ्याची कोंबडी

माझी बायको ओदिल रागावली की आधी तिच्या मानेवर लाल चट्टे उठतात. मग ते हळूहळू वर चढतात, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या की समजावं, आता मध्ये पडण्यात अर्थ नाही. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली. हे चट्टे मी पुष्कळदा पाहिलेत, त्यातले निम्मे माझ्याच पराक्रमाचे. पण त्या ऑक्टोबरातल्या शुक्रवारी भरदुपारी लुडोविकच्या बिस्त्रोत, म्हणजे छोट्याशा खाणावळीत, ते जसे चढले, तसे आधी कधी पाहिले नव्हते.

लुडोविक मूळचा लियाँचा. चार वर्षांपूर्वी तो आमच्या शांतमेर्लमध्ये आला, चर्चमागची बंद पडलेली लोहारशाळा त्यानं घेतली, भिंती खरवडून दगड उघडा केला आणि आठ टेबलं मांडली. दारावर त्यानं काहीतरी नवीन पद्धतीचं नाव लिहिलंय, पण गाव आजही त्याला लोहारशाळाच म्हणतं. त्याचा एक नियम होता, तो तो सगळ्यांना सांगायचा: ताटातली एकही वस्तू बारा किलोमीटरच्या पलीकडून यायची नाही. वाइन तेवढी अपवाद, कारण आमच्या डोंगरात द्राक्ष पिकत नाही, आणि पिकलंच तर ते कुणी प्यायला धजत नाही.

गावाला आनंदच झाला. किराणा बंद पडला होता, पोस्ट बंद पडलं होतं. मी तीस वर्षं शाळेची बस चालवली, ती शाळाही शेवटी खालच्या गावात गेली. अशा ठिकाणी एक दार उघडतं, आत दिवा लागतो, परगावच्या गाड्या चौकात उभ्या राहतात, ही काय थोडी गोष्ट आहे?

ओदिलची त्याच्याशी गाठ पहिल्याच महिन्यात पडली. ती घरामागच्या जमिनीत कांद्याच्या जातीचं लांब बुंध्याचं लीक, गाजरं, सलगम, सॅलडची पानं काढते, आणि सफरचंदाच्या बागेत गिनी कोंबड्या पाळते. करड्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या, दिवसभर करवतीसारख्या ओरडणाऱ्या या कोंबड्या तिला तिच्या आईकडून मिळालेल्या. आईकडून म्हणजे ती सवय मिळाली. कोंबड्या दरवर्षी नव्या. सात-सात महिने त्या बागेत हिंडतात, गळालेली सफरचंदं, गोगलगायी, गवताचं बी खातात. घाई नाही. लुडोविकनं त्या पाहिल्या आणि म्हणाला, "मादाम ओदिल, मला हेच पाहिजे होतं." तेव्हापासून दर गुरुवारी सहा कोंबड्या आणि चार टोपल्या भाजी आमच्या जुन्या गाडीतून लोहारशाळेत जायची. आणि तिथल्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असायचं: ओदिल व्हेसिएर यांची गिनी कोंबडी.

ओदिल काही बोलायची नाही, पण गुरुवारी भाजी उतरवताना ती फळ्याकडे एकदा बघून घ्यायची. मला ते माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिला माहीत नव्हतं.

जेवायला मात्र आम्ही तिथे कधी गेलो नव्हतो. "माझंच लीक मी दुसऱ्याच्या टेबलावर बसून खाऊ?" असं ती म्हणायची.

तर त्या आठवड्यात लुडोविकनं स्वतः बोलावलं. पॅरिसच्या एका साप्ताहिकात खाण्यापिण्यावर लिहिणारी बाई येणार होती, सोबत फोटो काढणारा. "शुक्रवारी दुपारी तुम्ही दोघं माझे पाहुणे. ज्यांच्या हातचं हे सगळं, ती माणसं तिला दिसायला हवीत." ओदिल 'बघू' म्हणाली. म्हणजे हो.

आणि त्याच मंगळवारी कोल्हा शिरला.

यात दोष माझा. संध्याकाळी खुराड्याची कडी लावायचं काम माझं असतं. पावसात भिजत मी दार ओढलं, कडी पडली असं मला वाटलं, आणि ती पडली नव्हती. सकाळी गेलो तर सत्तरच्या वर कोंबड्या मेलेल्या. काही कोल्ह्यानं मारलेल्या, बाकीच्या भीतीनं कोपऱ्यात एकमेकींवर चढून गुदमरलेल्या. अक्रोडाच्या झाडावर झोपायची खोड असलेल्या नऊ तेवढ्या वाचल्या. ओदिलनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिनं फावडं घेतलं, मी दुसरं घेतलं, आणि दुपारपर्यंत आम्ही खड्डा खणला. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड गेलं.

बुधवारी तिनं माझ्यादेखत लुडोविकला फोन केला. "या आठवड्यात कोंबडी नाही. पुढच्याही नाही. पुढच्या शरदापर्यंत नाहीच समज." तो पलीकडून हळहळला, म्हणाला, "अरेरे, मादाम ओदिल, किती वाईट झालं. काळजी करू नका, मी बघतो काहीतरी. पण शुक्रवारी या हं नक्की."

'बघतो' या शब्दाचा अर्थ आम्हाला शुक्रवारी कळला.

शुक्रवारी ओदिलनं निळा ड्रेस घातला. पांढऱ्या कॉलरचा, भाचीच्या लग्नात शिवलेला. सकाळी खालच्या गावात जाऊन केस नीट करून आली. नखांतली माती काढायला तिला अर्धा तास लागला. मलाही कोट घालायला लावला. मनात म्हटलं, बरं आहे, चार दिवसांनी तोंडावर थोडा रंग आलाय.

दारात लुडोविक उभा होता. त्यानं तिला बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"मादाम ओदिल! हे काय... तुमचे बूट कुठायत?"

"पायात आहेत," ओदिल म्हणाली. काळे, टाचेचे.

"नाही, ते शेतातले, रबरी. आणि तो निळा ॲप्रन. अहो, फोटो काढायचेत ना! लोकांना शेतकरीण दिसली पाहिजे." मग आवाज खाली आणून मला म्हणाला, "मारियुस, गाडी आणलीय ना? दहा मिनिटांचं काम. पटकन बदलून आणता का यांना?"

यांना बदलून आणता का! जसं काही खुर्चीचं कव्हर.

"लुडोविक," ओदिल म्हणाली, "मी खणायला जाते तेव्हा खणायचे कपडे घालते. जेवायला येते तेव्हा जेवायचे. तू आम्हाला जेवायला बोलावलंयस ना?"

तो हसला, बरं बरं म्हणाला, आणि आत जाऊन एक वेताची टोपली घेऊन आला. तीत गाजरं, पानांसकट, मुद्दाम थोडी माती ठेवलेली. "निदान ही तरी हातात धरा." ओदिलनं टोपली घेतली, टेबलापाशी आली, टोपली टेबलाखाली सरकवली आणि बसली. पहिला चट्टा तेव्हा उठला.

आम्हाला खिडकीतलं टेबल दिलं होतं. शेजारच्या टेबलावर ती पॅरिसची बाई बसली होती. एस्तेल तिचं नाव. पन्नाशीची, आखूड केसांची, डोळे शांत. वाईट नव्हती ती, हे आधीच सांगतो. तिनं उठून ओदिलशी हात मिळवला, म्हणाली, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." ओदिलची मान जरा ताठ झाली. बाकी टेबलंही भरलेली होती. बहुतेक परगावचे लोक. कोपऱ्यात आमचा महापौर गी पुजोल पोटाला रुमाल लावून बसलेला.

मग ओदिलनं फळा वाचला.

मीही वाचला. खडूनं, वळणदार अक्षरात: ओदिल व्हेसिएर यांची गिनी कोंबडी, भट्टीत भाजलेली, शरदातल्या भाज्यांसोबत.

"मारियुस," ती म्हणाली, "मला नीट दिसतंय ना?"

"जुनं असेल," मी म्हणालो. "पुसायचं राहिलं असेल."

"त्याखाली आजची तारीख आहे."

तेवढ्यात जोसियान पाणी घेऊन आली. ही आमच्याच गल्लीतली, ओदिलच्या वर्गातली, लोहारशाळा उघडल्यापासून तिथे वाढपाचं काम करते. ओदिलनं तिचं मनगट धरलं. "जोसियान, आज कोंबडी कुणाची आहे?"

जोसियाननं पाणी ओतलं, ते ग्लासाबाहेर सांडलं. "मला नको विचारूस गं. इथे तर नकोच."

"म्हणजे कुणाची तरी आहे."

"ओदिल, तुझ्या पाया पडते. आजचा दिवस जाऊ दे."

पहिल्यांदा लीक आलं. उकडलेलं, मोहरीच्या आंबट रसात, वर अंड्याचा चुरा. ते आमचंच होतं. जाड बुंधा, पांढरा भाग वीतभर, ओदिल त्याला माती कशी चढवते ते मी रोज बघतो. ओदिलनं सगळं खाल्लं, पावानं ताटली पुसली आणि म्हणाली, "लीक करायला येतं त्याला." अन्याय करायचा नाही, हा तिचा स्वभाव. त्यामुळेच तिचा राग जास्त भीतीदायक.

मग कोंबडी आली.

कातडी फिकट, एकसारखी तकतकीत. ओदिलनं सुरी टेकवली तर ती आपोआप आत गेली. तिनं एक तुकडा तोंडात घातला आणि खूप वेळ चावत राहिली. खरं तर चावण्यासारखं त्यात काही नव्हतं. मीही खाल्ला. मऊ होता, कापसासारखा. वास सॉसचा होता. मी दुसरा तुकडा कापला.

"मादाम व्हेसिएर," शेजारून एस्तेल वाकली, "काय सुरेख आहे ही! मला एक सांगा, तुम्ही यांना खायला काय घालता?"

लुडोविक तिच्या खुर्चीमागेच उभा होता. हात मागे, तोंडावर हसू. तो ओदिलकडे बघत होता. विनवणी होती त्या नजरेत, आणि विनवणीपेक्षा जास्त खात्री होती, की ही बाई सांभाळून घेईल. आठ टेबलं, परगावची माणसं, गावाचं नाव, आपली ओदिल काय तोंडघशी पाडणार आहे थोडीच?

चट्टे कानांपर्यंत पोचले.

"या कोंबडीला काय घातलं होतं, ते मला कसं ठाऊक असणार?" ओदिल म्हणाली. "माझ्या कोंबड्या मंगळवारी मेल्या."

एस्तेलला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माफ करा?"

"मेल्या. कोल्ह्यानं मारल्या. बागेत खड्ड्यात पुरल्यात, चला दाखवते. ही कुणाची आहे ते याला विचारा."

लुडोविक मोठ्यानं हसला. "मादाम ओदिल फार विनोदी आहेत! अहो, ही आधीच आणून ठेवलेली..."

"कधी? गेल्या गुरुवारी तू सहा घेतल्यास, शनिवारी तुझ्याकडे एक शिल्लक नव्हती, तूच फोनवर म्हणालास." ओदिलनं ताटातली तंगडी उचलली, दोन्ही हातांनी धरली आणि हाड मोडलं. काडीसारखं मोडलं ते. "हे बघा. सात महिने पळालेल्या कोंबडीचं हाड असं मोडत नाही. ही बिचारी कधी चालली तरी होती का कुणास ठाऊक. छपराखाली वाढली, ऊन न बघता मेली, आणि मेल्यावर तिला माझं नाव दिलं!"

आता सगळी लोहारशाळा ऐकत होती. कुणीतरी काटा ताटात ठेवला, तो आवाजसुद्धा आला.

"बसा ना, आपण आत जाऊन बोलू," लुडोविक दातांतल्या दातांत म्हणाला.

"आत कशाला? नाव बाहेर लिहिलंयस ना? बाहेरच बोलू." ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "मी तुला बुधवारी फोन करून सांगितलं. तू फळ्यावर 'आज कोंबडी नाही' लिहिलं असतंस, लीकचं सूप दिलं असतंस, या बाईनं तेही आवडीनं खाल्लं असतं. पण नाही! तुला बूट पाहिजेत, टोपली पाहिजे, मातीसुद्धा मोजून पाहिजे. फक्त शेतकरीण नको. ती तेवढी तोंड मिटून बसली पाहिजे."

एस्तेलनं हळूच आपली वही मिटली. तिच्यासोबतच्या फोटोवाल्यानं कॅमेरा खाली ठेवला. ओदिलनं खुर्चीवरचा कोट घेतला आणि महापौरासकट सगळ्यांच्या मधून, टाचा वाजवत, दाराबाहेर गेली. मी तिच्यामागे. ताटात माझी अर्धी कोंबडी राहिली होती. भूक होती, खोटं कशाला बोलू.

लुडोविक चौकात धावत आला. "बुडवलंत मला! चार माणसं या दारावर पोट भरतात. जोसियान भरते! तिचा तरी विचार करायचात!"

"तू केलास तो विचार?" ओदिल म्हणाली आणि गाडीत बसली.

साप्ताहिकात काहीच आलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही. आमच्या गावाचं नावच नाही. पण आठवड्याभरात गोष्ट खोरंभर पसरली आणि लोहारशाळेची निम्मी टेबलं रिकामी राहायला लागली. आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती: गाव लुडोविकवर चिडलं नाही. ओदिलवर चिडलं.

चौकात येणाऱ्या पावाच्या गाडीपाशी आम्ही गेलो की बोलणं थांबायचं. म्हातारा फेर्नां, ज्याच्या बायकोच्या आजारपणात ओदिलनं सहा महिने रोज सूप पोचवलं, तो मला म्हणाला, "पाहुण्यांसमोर कुणी असं करतं का? गावाची अब्रू काढली." जोसियानला आठवड्यातून दोनच दिवस काम राहिलं. ती समोरून आली की रस्ता ओलांडायची. ओदिल घरी येऊन भांडी अशी घासायची की कल्हई निघून यावी.

एका सकाळी गी पुजोल आला. महापौर म्हणून आलो नाही, मित्र म्हणून आलोय, असं म्हणाला. म्हणजे महापौर म्हणूनच आला होता. कॉफी घेतली, हवेबद्दल बोलला, मग म्हणाला, "ओदिल, सगळं मान्य. पोरानं चूक केली. पण एक घास होता गं. गिळला असतास तर काय बिघडलं असतं?"

"तू गिळ," ती म्हणाली. "तुला सवय आहे."

"मी काय म्हणतो, चार शब्द. जाऊन सांगायचं, रागाच्या भरात बोलले. तो फळ्यावर तुझं नाव पुन्हा..."

"गी, कॉफी झाली ना तुझी?"

तो गेला. मला म्हणाला, "तू तरी समजाव." मी म्हणालो, "मला जगायचंय अजून."

नोव्हेंबराच्या सुरुवातीला लुडोविक स्वतः आला. माफी मागायला आला असेल असं मला वाटलं. पण तो गाडीतून उतरला तोच धुमसत. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. ओदिल अक्रोडाखाली त्या नऊ कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी सरपण रचत होतो, तिथेच थांबलो.

"काल एकच टेबल लागलं," तो म्हणाला. "एकच! झालं समाधान?"

"मला समाधान व्हायला काय, मी तुझं वाईट चिंतलं होतं का? तू खोटं बोललास, मी खरं बोलले. ज्याचं त्याच्यापाशी."

"खरं! सारखं खरं खरं! खरं ऐकायचंय तुम्हाला?" तो इतका ओरडला की कोंबड्या झाडावर उडाल्या. "तुमची कोंबडी वातड आहे! चामडं! लोक चावून चावून थकायचे, ताटात टाकून जायचे. एका माणसाचा दात हलला. फेब्रुवारीपासून मी एकदाही टेबलावर दिलेली नाही तुमची कोंबडी. एकदाही नाही!"

ओदिलच्या हातातला दाण्यांचा डबा तसाच राहिला. मी तिच्या मानेकडे बघितलं. चट्टे नव्हते. मान पांढरी पडली होती. ते मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, तिची आई गेली तेव्हा.

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "दर गुरुवारी मी आणत होते."

"हो."

"तू दारात येऊन घेत होतास. म्हणत होतास, वा, काय वजनदार आहेत."

तो बुटानं पाचोळा सारत राहिला.

"कुठं गेल्या त्या?"

"रश्शाला," तो खाली बघत म्हणाला. "हाडं-मांस उकळून. सॉसला लागतो ना रस्सा. आणि... कामाच्या लोकांच्या जेवणात. वाया नाही घालवल्या."

"आणि फळ्यावर नाव माझं, ताटात ती छपराखालची."

"लोक नाव बघून यायचे! आणि तुम्हाला कोण सांगणार होतं हो? सगळं गाव घाबरतं तुम्हाला. जोसियान घाबरते, महापौर घाबरतो, हा तुमचा नवरा घाबरतो, तो बघा तिकडे लाकडामागे उभाय!"

मी लाकडामागून बाहेर आलो. खरं होतं ते, काय बोलणार?

ओदिलनं डबा खाली ठेवला. "कशी करत होतास?"

"काय?"

"माझी कोंबडी. शिजवत कशी होतास?"

"भाजत होतो. तेज भट्टीत, पन्नास मिनिटं. जशी भाजतात तशी."

"सात महिन्यांची. झाडावर झोपणारी, दिवसभर पळणारी कोंबडी. तू भाजत होतास?" आता चट्टे आले, एकदम, मानेपासून कपाळापर्यंत. "अरे गाढवा, ती भाजायची नसतेच! पाच वर्षांचं पोरसुद्धा सांगेल या डोंगरात. ती..." आणि तिनं तोंड मिटलं. इतक्या जोरात मिटलं की दात वाजले. "नाही. तुला नाही सांगणार. जा तू."

"मादाम ओदिल..."

"जा म्हणते ना! तुझ्या धसमुसळ्या हातात माझ्या आईची रीत नाही द्यायची मला. फाटक लावून जा."

तो गेला. ओदिल घरात गेली, दार आपटलं. मी मात्र फाटकापाशी गेलो. का गेलो ते आजही मला नीट सांगता येत नाही. जोसियानसाठी असेल. किंवा त्या आठ महिन्यांतल्या कोंबड्यांसाठी, ज्या मी दर बुधवारी सोलून दिल्या होत्या. त्याच्या गाडीची काच खाली होती. मी म्हणालो, "बिडाचं भांडं घे, घट्ट झाकणाचं. तळाला खारवलेलं डुकराचं मांस परतून घे, त्यात कोंबडी चारी बाजूंनी लाल कर. मग कोबी, आधी एक उकळी दिलेला. एक पेला पांढरी वाइन. झाकण लाव आणि तीन तास त्याच्याकडे बघूही नकोस. आच इतकी मंद, की विझली की काय असं वाटलं पाहिजे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "एवढंच?"

"एवढंच. विचारलं असतंस तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं."

ओदिलला ते त्याच दुपारी कळलं, कारण मीच सांगितलं. लपवून ठेवायची माझी छाती नव्हती.

"शाबास," ती म्हणाली. "खुराड्याचं दारही तूच उघडं टाकलंस, आणि आता तोंडही." त्यानंतर चार दिवस आमच्या घरात फक्त घड्याळ बोललं.

हिवाळा गेला. वसंतात तिनं त्या नऊ कोंबड्यांची अंडी उबवली, साठ पिल्लं निघाली. खुराड्याची कडी ती आता स्वतः लावते. भाजी आणि कोंबड्या शनिवारी पलीकडच्या शहराच्या बाजारात जातात, तिथे ती टेबल मांडून उभी राहते आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, "शिजवणार कशी?" भाजणार म्हणाला तर देत नाही. सरळ सांगते, दुसरीकडून घ्या. एक-दोघं रागावून गेले. बरेचसे परत आले.

लोहारशाळा बंद पडली नाही. लुडोविक टेकडीपलीकडच्या एका शेतकऱ्याकडून कोंबड्या घेतो, ओदिलसारख्याच मोकळ्या हिंडणाऱ्या. त्या कोबीबरोबर बिडाच्या भांड्यात शिजतात, असं कानावर येत होतं. जोसियानला पुन्हा पाच दिवसांचं काम मिळालं आणि तिनं रस्ता ओलांडणं सोडलं. गीनं मात्र अजून आमच्याकडे कॉफी घेतलेली नाही.

पुढच्या हिवाळ्यात एका गुरुवारी मी ओदिलला म्हणालो, "आज मी लोहारशाळेत जेवतोय." माझा कोट मात्र खुंटीवर नव्हता, तो मला बराच शोधावा लागला.

मी गेलो, जेवलो, तीन वाजता परत आलो. ती स्वयंपाकघरात गाजरं तासत होती. मी बूट काढले, हात धुतले, शेकोटीपाशी बसलो. गाजरांची सालं टेबलावर पडत राहिली.

"मीठ?" शेवटी ती म्हणाली.

"बरोबर होतं."

"कोबी विरघळला असेल."

"नाही. पानन् पान वेगळं होतं."

"आणि कोंबडी?"

मला दोन उत्तरं सुचली. त्यातलं एक घरात शांतता ठेवणारं होतं. पण त्या सगळ्या प्रकरणानंतर ते माझ्या तोंडातून निघेना.

"चांगली होती, ओदिल," मी म्हणालो. "फार चांगली होती. तुझ्या आईच्या हातची आठवण आली."

तिनं सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता ही निवळली. चट्टे उठले, सरळ कानांपर्यंत.

"म्हणजे येतं त्याला," ती म्हणाली. "हात आहे त्याच्याकडे! येत नसतं तर एक वेळ मी म्हटलं असतं, बिचारा, नाही जमत, म्हणून खोटं बोलला. पण एक दुपार, मारियुस! एक दुपार माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला असता आणि म्हणाला असता, मादाम, ही शिजत नाही हो माझ्याकडून, तर एका दुपारात शिकला असता तो. मी हसत शिकवलं असतं." तिचा आवाज फाटला. "आठ महिने त्यानं मला दारात उभं करून वा वा म्हटलं!"

तिनं सालं गोळा केली, बादलीत टाकली आणि कोंबड्यांना घालायला बाहेर गेली. बागेतून बराच वेळ तिचं बोलणं ऐकू येत होतं. कोंबड्याही तितक्याच जोरात ओरडत होत्या.